खिरापत फुटली

"वाटली डाळ," शर्वरी म्हणाली.

इनामदारआजी डबा हलवायला उचलत होत्या, तो त्यांच्या हातात तसाच राहिला. भोंडल्याच्या खिरापतीला रीत असते. डबा आधी कानाशी खुळखुळवायचा, मुलींनी 'गोड की तिखट' विचारायचं, यजमानीणबाईंनी गूढ हसायचं, मुलींनी शिऱ्यापासून बर्फीपर्यंत सगळं पाकशास्त्र पालथं घालायचं आणि दमून 'हरलो' म्हणायचं. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागतात. माझ्या मुलीने ती दोन सेकंदांत उरकली.

"अगं, असं लगेच नाही सांगायचं," आजी म्हणाल्या. "आधी विचार करायचा."

"केला," शर्वरी म्हणाली. "वाटली डाळ."

डब्यात वाटली डाळ होती.

बायका हसल्या. मीही हसले, पण माझं हसू जरा तपासून पाहिलेलं होतं. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. शर्वरी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आम्ही दोघी कोल्हापूर सोडून साताऱ्यात राहायला आलो त्याला चार महिने झाले होते. शर्वरीचे वडील कोल्हापुरातच राहिले. त्यांना मुलगी हवी होती, फक्त ही नको होती.

कॉलनी होती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या लोकांची. मधे बाग, बागेभोवती गोल रस्ता, रस्त्याकडेला अठरा बंगले. त्यातल्या एकाचा मागचा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. मी जिल्हा परिषदेत आवक-जावकला होते. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा आणि पुढे धाडायचा, एवढंच काम. पण या कामात निनावी तक्रारी फार वाचाव्या लागतात, आणि अकरा वर्षं त्या वाचल्या की माणूस हसून 'कशा आहात' म्हणाला तरी त्याच्या खाली सही आहे का, हे आधी बघायची सवय लागते.

कोल्हापुरात मी एक चूक केली होती. खरं सांगितलं होतं. डॉक्टरांनी शर्वरीच्या बाबतीत जो शब्द लिहून दिला तो मी शेजारणींना जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की त्यानंतर आम्हाला त्यांनी कशालाच बोलावलं नाही. "तुम्हाला कुठे जमणार तिला घेऊन," असं अतिशय प्रेमाने म्हणायच्या. म्हणून साताऱ्यात मी एवढंच सांगितलं, की ती जरा अबोल आहे. हे खोटं नव्हतं. अपुरं होतं.

आणि मग नवरात्र आलं, आणि भोंडला.

अंगणात पाटावर रांगोळीचा हत्ती, त्याच्याभोवती फेर, रोज तीच गाणी त्याच क्रमाने, रोज त्यात एकाची भर. शर्वरीसाठीच कोणी तरी बसून आखल्यासारखा हा खेळ होता. शाळेत कोणाच्या हाताला हात लागला तर अंग आक्रसणारी ही मुलगी, पहिल्याच दिवशी तिने आजींच्या नातीची, स्वानंदीची, करंगळी धरली आणि तीन गाणी होईपर्यंत सोडली नाही. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते. डोळ्यांत काही गेलं असतं तर गेलं, असं सांगायची तयारी ठेवली होती. कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शर्वरीने गुळपापडी सांगितली. डबा अजून स्वयंपाकघरात होता. तिसऱ्या दिवशी दडपे पोहे. चौथ्या दिवशी ज्यांच्याकडे भोंडला होता त्यांनी मुद्दाम दोन पदार्थ केले होते. शर्वरीने दोन्ही सांगितले, आणि वर "वरचं गोड, खालचं तिखट," असंही सांगितलं. डबा दोन खणांचा होता. त्या रात्री कोणी हसलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर फाटकाशी कारखानीसबाई. त्या सोसायटीच्या सेक्रेटरींची पत्नी. सेक्रेटरी नावाला साहेब होते.

"दिघेबाई, दोन मिनिटं आहेत?"

"आहेत की."

"तसं काही विशेष नाही हो." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पण खिरापत फुटतेय."

हे त्या अशा स्वरात म्हणाल्या की बारावीची प्रश्नपत्रिका फुटलीय असं वाटावं.

"मुलींचा खेळ आहे," मी म्हणाले.

"अहो, मुलींचाच आहे ना. त्यांचाच विरस होतो. काल माझी भाची म्हणाली, मामी, आम्ही कशाला ओळखायचं, ती सांगतेच. आणि ज्यांच्याकडे असतं त्या बाईने दिवसभर खपायचं ते कशासाठी? आता मला सांगा, एकदा ठीक, दोनदा ठीक. चारही दिवस? कोणी तरी सांगतंय तिला."

"कोण सांगणार?"

"ते मी कसं म्हणू. सुमन पाच घरी भांड्याला जाते, एवढंच म्हणते. तुमच्याकडेही येते ना?"

"येते."

"हं," कारखानीसबाई म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये सुमनमावशी होत्या आणि त्यांच्या शेजारी मी होते.

कबूल करते, मलाही तोच संशय होता. त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि दुपारी सुमनमावशी भांडी घासत होत्या तिथे जाऊन उभी राहिले.

"मावशी, शर्वरीशी काय काय बोलता हो तुम्ही?"

"बोलती की. ती काय बोलत न्हाई, मीच बोलती."

"कोणाकडे काय शिजतंय, असलं काही?"

त्यांनी तारेची घासणी खाली ठेवली. "म्हंजे तुमाला बी कारखानीसबाईंनी धाडलंय व्हय? सकाळी त्यांनी ईचारलं, मग त्या समोरच्या बाईनं ईचारलं. मला काय करायचंय वो तुमच्या डब्याचं? माझ्या घरी कुणी डबा हलवून बघत न्हाई, उघडत्यात आन् खात्यात."

मी ओशाळले, पण थोडीच. मग शर्वरीकडे गेले. ती खिडकीत बसून तीन रंगांच्या बांगड्या रंगांप्रमाणे लावत होती.

"शरू, तुला खिरापत कोण सांगतं?"

"कोणी नाही."

"सुमनमावशी सांगतात?"

"नाही."

"स्वानंदी?"

"नाही."

"मग कोण?"

"कोणी नाही," तिने पुन्हा सांगितलं, पहिल्याइतकंच शांतपणे.

ही मुलगी खोटं बोलत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, शाळेने सांगितलं होतं, आणि माझ्या वडिलांनी तर पाहुण्यांसमोर अनुभवलं होतं. तरी मी तिला चार वेगवेगळ्या नावांनी पुन्हा विचारलं. कोणी सांगितलं, कोणी सांगितलं. दुसरा काही प्रश्न असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चार वाजता ती उठली, बूट घातले आणि फिरायला गेली. रोज चारला निघायची, बागेभोवतीच्या रस्त्याने सात फेऱ्या मारायची आणि पावणेपाचला परत यायची. आठवी फेरी कधी नाही, सहावर कधी थांबणं नाही. कॉलनीतले लोक तिच्याकडे बघून घड्याळ लावायचे, असं इनामदारआजी म्हणायच्या.

त्या संध्याकाळचा भोंडला समोरच्या घरी होता. शर्वरीने मटकीची उसळ सांगितली. डबा उघडला तेव्हा कोणी आत पाहिलंही नाही, सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

निघताना कारखानीसबाईंनी मला बाजूला घेतलं. "उद्या माझ्याकडे आहे. मी काय म्हणते, शर्वरीने फेर धरावा, गाणी म्हणावीत, आमची काहीच ना नाही. फक्त डबा आला की तुम्ही तिला घेऊन जा. सगळ्यांचंच तसं म्हणणं आहे."

"सगळ्यांचं?"

"म्हणजे, बोललं कोणी नाही."

ही भाषा मला ठाऊक होती. आधी डब्यापुरतं घरी, मग गाणी संपेपर्यंतच, मग 'तुम्हाला कुठे जमणार तिला घेऊन.' ती करंगळी सुटायला किती दिवस लागतील, याचा हिशोब मी तिथेच उभ्या उभ्या केला. तीन.

"उद्या ती ओळखणार नाही," मी म्हणाले. "मी बघते."

"तुम्ही बघता?" कारखानीसबाईंनी भुवई उंचावली. तिचं ओळखणं माझ्याच हातात असल्याची कबुली मी देऊन बसले, हे मला घरी पोहोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून मी शर्वरीला चुकायला शिकवत होते. लिहिताना हे वाक्य मला फारसं बरं वाटत नाही, पण केलं ते तेच.

"डब्यात काय आहे विचारलं की म्हणायचं, माहीत नाही."

"पण माहीत असतं."

"तरी म्हणायचं."

"मग माहीत आहे ते कुठे ठेवायचं?"

मी दुसरा रस्ता धरला. "बरं, माहीत नाही असं नको म्हणूस. शिरा म्हण. सगळ्या मुली पहिल्यांदा शिराच म्हणतात."

"शिरा असेल तर?"

"नसला तरी."

तिने तो शब्द आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. मग म्हणाली, "शिरा." आम्ही अकरा वेळा तालीम केली. मी एक रिकामा डबा खुळखुळवायचा, डब्यात काय आहे विचारायचं, आणि तिने शिरा म्हणायचं. अकराव्यांदा ती इतकं सहज म्हणाली की मला आनंद झाला. आपली मुलगी आज इतर मुलींसारखी चुकली, असा तो आनंद होता.

दुपारी कारखानीसबाई स्वतः दारात आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते, खांडवी करतेय. कुठे बोलू नका." मला भरून आलं. विश्वास टाकला बाईने. तो का टाकला असावा याचा विचार मी दार लावल्यावर केला, आणि उत्तर काही चांगलं मिळालं नाही.

कारखानीसबाईंच्या अंगणात त्या दिवशी नेहमीपेक्षा गर्दी होती. ज्यांना मुली नाहीत अशाही बायका आल्या होत्या. सुमनमावशींनाही 'चहाच्या कपांना' म्हणून बोलावून घेतलं होतं. त्या पायरीवर तोंड फुगवून बसल्या होत्या. फेर झाला, गाणी झाली. एकदा गाण्यांचा क्रम चुकला तेव्हा शर्वरी जागीच थांबली आणि तिच्यामुळे सगळा फेर थांबला. चुकलेलं गाणं परत म्हटल्यावर तो पुन्हा सुरू झाला. स्वानंदीने तेवढ्यात जांभई देऊन घेतली. तिला सवय झाली होती.

डबा आला. पितळी, कडीचा. कारखानीसबाईंनी तो स्वतःच्या कानाशी धरून हलवला, मग मुलींच्या.

"गोड की तिखट?" स्वानंदीने विचारलं.

"सांगेन तर!" असं म्हणून कारखानीसबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती शर्वरीवर आणून ठेवली. "आज आधी शर्वरी. सांग बाळ. डब्यात काय आहे?"

शर्वरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, अगदी थोडी.

"आईने शिरा म्हणायला सांगितलंय," शर्वरी म्हणाली.

कोणाच्या तरी पायाने हत्तीवरची कुंकवाची वाटी लवंडली, तो आवाज मला अजून आठवतो.

"हे बघा," कारखानीसबाई म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या. तपास पूर्ण झाल्यावर अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं तसं समाधान होतं. "मी काय म्हणत होते? मी सुमनला नारळाच्या वड्या सांगितल्या आणि दिघेबाईंना खांडवी. कोणाचं नाव येतं बघू म्हटलं. ही तर म्हणते आईच सांगते."

"व्हय, मला नारळाच्या वड्या सांगितल्या," सुमनमावशी पायरीवरून म्हणाल्या. "तवाच म्हनलं, आज येवढं पिरेम का उतू चाललंय."

मला खोटं सांगितलं होतं तर. मी रीतसर दुखावले जाणार होते, पण आपणही सकाळपासून खोट्याचीच शिकवणी घेतोय हे वेळेवर आठवलं. शर्वरी माझ्याकडे पाहत होती. तिच्या दृष्टीने तिने सगळं बरोबर केलं होतं. मी सांगितलेला शब्द म्हटला होता, आणि तो कोणाचा ते सांगितलं होतं. आता चूक झाली ती कुठे, एवढंच तिला कळत नव्हतं, आणि तिने स्वानंदीची करंगळी सोडून दोन्ही हात पोटाशी घेतले.

ते हात पाहिले आणि मी बोलले.

"मी तिला सांगत नव्हते. आज पहिल्यांदा सांगितलं, ते चुकावं म्हणून. तुम्ही तिला डब्याच्या वेळी घरी न्यायला सांगितलं, म्हणून." आवाज माझा वाटत नव्हता, पण शब्द माझेच होते. "शर्वरी स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात त्याला. तिला बोलता येतं, खोटं बोलता येत नाही. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण कोल्हापुरात सांगितलं होतं."

'स्वमग्न' हा शब्द ज्याने काढला त्याने शर्वरीला पाहिलेलं नसणार. ती सबंध कॉलनीत मग्न होती. पण हे मला तोवर कळलेलं नव्हतं, आणखी दोन मिनिटांनी कळलं.

एका बाईने आपल्या मुलीला खांद्याला धरून हलकेच स्वतःकडे ओढलं. मी ते पाहिलं आणि नोंदवून ठेवलं. मग इनामदारआजी म्हणाल्या, "अहो, पण मग डब्यात आहे काय?"

कारखानीसबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग शर्वरीकडे. "तूच सांग. आईचं नको. तुझं."

"कोथिंबिरीच्या वड्या," शर्वरी म्हणाली.

कारखानीसबाई खाली बसल्या. "कोणाला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ह्यांनासुद्धा."

"कसं कळलं गं तुला?" आजींनी विचारलं. इतके दिवस मला न सुचलेला प्रश्न, चार शब्दांत.

"फिरताना," शर्वरी म्हणाली. "पहिल्या फेरीत तुमच्या मागच्या दाराशी कोथिंबिरीचे देठ होते. खूप. दुसऱ्या फेरीत कुकरचा आवाज होता पण शिट्टी नव्हती. तिसऱ्या फेरीतपण नव्हती. तुम्ही शिट्टी काढून ठेवली होती. ढोकळा आणि वडी असली की शिट्टी काढतात. सहाव्या फेरीत तळण होतं. ढोकळा तळत नाहीत." ती थांबली. मग आजींकडे वळून म्हणाली, "तुमच्याकडे डाळ वाटताना मिक्सर चार वेळा थांबला. जास्त पाणी घालायचं नसतं म्हणून."

"पाचव्यांदा जळायलाच आला होता मेला," आजी म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

डबा उघडला. मुलींना वड्यांशी कर्तव्य होतं, त्यांनी ते बजावलं. कारखानीसबाई मात्र बराच वेळ बसूनच होत्या. मला वाटलं, आता त्या 'फार वाईट वाटलं' म्हणणार. मी त्या वाक्याची वाट पाहत पदर घट्ट करून उभी राहिले.

"नियम करायला हवा," त्या म्हणाल्या. "तिला शेवटी विचारायचं. सगळ्यांचं ओळखून झालं की मग."

"शेवटी म्हणजे कितव्या नंबरला?" शर्वरीने विचारलं.

कारखानीसबाईंनी मुली मोजल्या. "अकराव्या."

"बारावी आली तर?"

"तर बाराव्या."

"चालेल," शर्वरी म्हणाली, आणि जाऊन स्वानंदीशेजारी बसली.

घरी येताना मी तिला विचारलं, "मी शिरा म्हणायला सांगितलंय, हे का सांगितलंस?"

"त्यांनी डब्यातलं विचारलं," ती म्हणाली. "शिरा डब्यात नव्हता. तुझा होता."

दुसऱ्या दिवशी सुमनमावशींच्या घरी वड्यांचा एक डबा पोहोचला. कारखानीसांकडे माफी डब्यातूनच मागायची पद्धत असावी. सुमनमावशींनी तो खाल्ला, पण माफ केलं की नाही ते सांगितलं नाही. ज्या बाईने मुलीला ओढून घेतलं होतं तिने फेरातली मुलीची जागा बदलली, शर्वरीपासून तीन मुली लांब. ती दसऱ्यापर्यंत तशीच लांब राहिली. सातव्या आणि आठव्या दिवशी शर्वरीला अकराव्या नंबरला विचारलं, आणि दहा मुली त्याआधी पोट भरून चुकल्या.

नवव्या दिवशी बागेत सगळ्या घरांचा मिळून भोंडला असायचा. अठरा घरं, अठरा डबे. मी सुट्टी घेतली होती. दुपारी अडीच वाजता फोन वाजला.

"दिघेबाई, कारखानीस बोलतेय. एक विचारायचं होतं. शर्वरी आज जरा उशिरा फिरायला निघाली तर? पाच वाजता वगैरे?"

मी सावध झाले. "का?"

"अहो, का म्हणजे? माझं अजून सगळं व्हायचंय. समोरच्यांचंही व्हायचंय. त्यांनीच मला फोन करायला लावलाय."

मी या वाक्याच्या मागे काय असेल ते शोधलं. सवयच तशी. खालून, वरून, उजेडात धरून पाहिलं.

"नाही जमणार," मी म्हणाले. "ती चारलाच निघते."

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही."

मग त्या कोणाला तरी आत ओरडून म्हणाल्या, "नाही म्हणतायत गं, चारलाच. आटपा." आणि फोन ठेवला.

तीनला समोर मिक्सर सुरू झाला. मग शेजारी. मग बागेपलीकडे कोणी तरी घाईघाईने काही तरी कुटायला लागलं. सव्वातीनपर्यंत कॉलनी लग्नघरासारखी खणखणत होती आणि चारला दहा मिनिटं असताना एकेक करत सगळं थांबलं. शर्वरी दाराशी बसून बूट घालत होती.

"आज सगळ्यांनी लवकर केलं," ती म्हणाली. "का?"

"तू चारला निघतेस म्हणून."

तिने दुसरा बूट घातला, पट्टी ओढून लावली आणि थोडा विचार केला.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि निघाली.